कर्तव्यदक्ष टी-पेशीबाईंस अनावृत पत्र

सौ. टी-पेशीबाई (शाखा 17),
मु. पो. माझे कोपर, गुडघे आणि टाळू, वसमत, जि. हिंगोली

सा. न. वि. वि.

प्रथम तुमच्या तत्परतेबद्दल अभिनंदन. तुमची नेमणूक जंतूंना हाकलायला. जंतूचा पत्ता नसताना तुम्ही माझ्या धडधाकट कातडीवरच तुटून पडलात. डेंड्रायटिक पेशीने इंटरल्यूकिन-23ची चिठ्ठी धाडायची अवकाश, तुमचा इंटरल्यूकिन-17चा भडिमार सुरू! खातरजमा करायची रीत तुमच्या खात्यात नसावी.

त्या धसक्याने कातडी महिन्याचे काम चार-पाच दिवसांत उरकते. कच्च्याच पेशी वर येऊन साचतात आणि लाल चट्ट्यांवर चंदेरी खपल्या धरतात. काळा सदरा घालून मोंढ्यात जायची सोय राहिली नाही. गुडघा खरचटला, की काही दिवसांत तिथेही चट्टा. एवढ्यावर भागेना, म्हणून नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पाडलेत आणि बोटांचे सांधेही धरलेत.

गुन्हा तुमचा, बदनामी माझी. न्हावी वस्तरा हातात घेऊन विचारतो, “लागट तर नाही ना?” अहो, ज्यात जंतूच नाही ते लागणार कसे? पण तुमची करणी त्याला दिसत नाही, माझ्या खपल्या दिसतात.

त्यात आमचे गाव हळदीचे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे भेटेल तो सांगतो, “हळद लावा.” लावली. सदरे पिवळे झाले, तुमच्या केसालाही धक्का लागला नाही.

कातडीच बिघडलेली, असे डॉक्टरही बरीच वर्षे धरून चालले होते. तुमचे बिंग फुटायला 1979 साल उजाडले. सांध्यांसाठी दिलेल्या सायक्लोस्पोरिनने चट्टेही निवळले, आणि ते औषध तर तुम्हालाच आवरणारे! 2013 साली बंगळुरूच्या बायोकॉनने तुमच्या अंगावरच्या सीडी6ला धरणारे इंजेक्शन आणले. आता इंटरल्यूकिन-17ला अडवणारी इंजेक्शनेही आहेत. मात्र हळदीच्या पट्टीत त्यांचा खर्च बसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, आणि अधूनमधून रक्ततपासणी.

चट्टा गेला तरी तुमच्यातल्या काहीजणी जुन्या जागी दबा धरून बसतात, हेही कळले आहे. तुम्हाला बडतर्फ करता येत नाही; उद्या खरा जंतू आला तर लढायला तुम्हीच लागणार. तोवर गोळी चालू राहील.

कळावे, लोभ आवरता घ्यावा.

आपला,
विनाकारण संरक्षित