बाबागाडी आणि लिंबू-मिरची

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस,


आम्ही पोचलो, ठमी पोचली, बाबागाडीही पोचली. फोनवर एवढंच बोलले, कारण निखिल शेजारी बसला होता आणि त्याचा राग उतरायचा होता.

सांगलीत ती गाडी दोनदाच दाराबाहेर पडली. एकदा गणपती मंदिराकडे निघालो, तर कोपऱ्यावरच्या खड्ड्यात पुढची चाकं रुतली. ठमी माझ्या कडेवर आणि गाडी निखिलच्या डोक्यावर, अशी वरात परत आली. दुसऱ्यांदा निघायच्या दिवशी, शनिवारी, बाबांनी तिला हळदकुंकू वाहिलं तेव्हा. 'नवं वाहन आहे, लांबचा पल्ला आहे,' म्हणाले. मी फोटोसुद्धा काढला. बाबा खाली वाकून मागच्या दांड्याला काय बांधत होते, ते मात्र पाहिलं नाही.

मुंबईला विमानतळावरच्या तपासणीत मूल बाहेर काढायचं आणि गाडी मिटून यंत्रातून सोडायची. दुकानदाराने ती एका हाताने मिटून दाखवली होती. निखिलने दोन हात, एक गुडघा आणि शेवटी हनुवटी लावली. मागे रांग वाढली. एका आजोबांनी 'जोर लावा' म्हणून धीर दिला. अखेर वर्दीतल्या बाईंनी बोटाने कुठलीशी कळ दाबली आणि गाडी छत्रीसारखी मिटली. निखिल म्हणतो, त्याने ती आधीच सैल करून ठेवली होती.

विमानाच्या दारापर्यंत गाडी ढकलत नेता येते. तिथे ती चिठ्ठी लावून खाली सामानात जाते, म्हणून खालची टोपली रिकामी करावी लागते. भाजणी, खोबऱ्याच्या वड्या, धपाटे, लोणच्याची बरणी आणि तळाशी ठमीचं टोपडं. हवाईसुंदरीने बरणीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, पण बोलली काही नाही.

सोळा तासांचं काय सांगू! समोरच्या भिंतीला पाळणा लावून मिळाला होता. ठमीचा डोळा लागला की विमान हिंदकळायचं, पट्ट्याचा दिवा लागायचा आणि तिला उचलून मांडीवर घ्यावं लागायचं.

नेवार्कला बाबागाडी दारातच परत मिळाली. 'फळं, भाज्या, मांस काही आहे का?' या प्रश्नाला निखिलने छातीठोक 'नाही' म्हटलं. तेवढ्यात जाकीट घातलेला एक लांब कानांचा बीगल कुत्रा आला, गाडीखाली हुंगून शेजारी शांत बसला. ठमी आनंदाने 'भू भू' ओरडली. तो बसला म्हणजे काहीतरी सापडलं, हे आम्हाला अधिकाऱ्याने सांगितलं.

तारेत ओवलेलं लिंबू, सात मिरच्या, बिब्बा, कोळसा.

लिंबाचं इथे फार कडक आहे. झाडांच्या रोगाने फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्यात, त्यामुळे बाहेरचं लिंबू चोरट्या मालासारखं. न सांगता आणलं तर शेकडो डॉलर दंड. 'हे कशासाठी?' अधिकाऱ्याने विचारलं. निखिल घाम पुसत म्हणाला, 'गाडीचा विमा.' तो माणूस इतका हसला, की दंडाचं राहूनच गेलं. लिंबू-मिरच्या डब्यात गेल्या. बिब्बा हातमोज्यात बराच वेळ फिरवून पाहिला आणि तोही गेला. कोळसा तेवढा तारेसकट परत दिला.

तो अजून गाडीला आहे. नुसत्या कोळशाने भागतं का, एवढं बाबांना विचारून कळव.

तुझी,
बेबी