विल्को बिघडला, पण कधी?

अमेरिकेतल्या विल्को या बँडच्या चाहत्यांचं एका बाबतीत एकमत आहे: बँड बिघडला. वाद आहे तो फक्त सालाचा. कट्टर मंडळींच्या मते १९९५च्या 'ए. एम.' या पहिल्या, कंट्री वळणाच्या अल्बमनंतरच ग्रहण लागलं. दुसऱ्या गटाचं दैवत २००२चा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'. वॉर्नर कंपनीच्या रिप्रीझ या लेबलने नाकारलेला हा अल्बम वॉर्नरच्याच नॉनसच या लेबलने काढला, ही कथा ते सत्यनारायणासारखी सांगतात, फक्त प्रसाद देत नाहीत. 'अ घोस्ट इज बॉर्न' या पुढच्या अल्बममधल्या एका गाण्याच्या शेवटी दहा मिनिटांहून जास्त नुसती घरघर आहे. ती पूर्ण ऐकल्याचं सगळेच छातीठोकपणे सांगतात. २००७चा 'स्काय ब्लू स्काय' सुरेल निघाला, तर 'हे बापांचं रॉक' म्हणून नाकं मुरडली गेली. मुरडणाऱ्यांची पोरं तोवर शाळेत जात होती! अखेर २०२२ साली बँडचा गायक जेफ ट्वीडी आणि मंडळींनी 'क्रुएल कंट्री' हा चक्क कंट्री अल्बम, तोही दुहेरी, पुढ्यात ठेवला. आता तरी समाधान? छे! 'पूर्वीचं कंट्री राहिलं नाही हो.' बँडने बदलू नये आणि तेच तेच वाजवूही नये, इतकीच काय ती चाहत्यांची माफक अपेक्षा.