अज्ञात गौरवर्णदात्यास अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजेश्री गौरवर्णदाते महाराज यांच्या सेवेशी,

बीडहून आपल्या एका जुन्या लाभार्थीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र उघड्यावर पाठवतेय, राग नसावा. पाकिटावर लिहायला नाव लागतं, गाव लागतं आणि आपल्या डबीवर दोन्ही नाही. पांढरी प्लास्टिकची डबी, सोनेरी झाकण, झाकणावर गुलाबाचा स्टिकर, बस्स. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटक, मुदत हे सगळं छापा असं २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम सांगतात. पण दान करताना या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये, ही आपली रीत.

आधी आभार. माझ्या बायोडेटात 'वर्ण' या रकान्यात मामांनी मोठ्या धीराने 'गव्हाळ' लिहिलं होतं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मध्यस्थाकडून निरोप धाडला, "मुलगी चांगलीय, पण फोटोत उजळ वाटली होती." अशा वेळी देव धावून येत नाही, आपण आलात. पार्लरवाल्या ताईंनी आपली डबी पुढे सरकवली, "माझी स्पेशलंय. रात्री लाव, सकाळी बघ." बिल मागितलं तर हसल्या. "घरच्यांना काय बिल देतेत का?"

आपला वेग तर काय वर्णावा! थोड्याच दिवसांत शेजारच्या मावशी गच्चीवरून ओरडल्या, "काय लावायलीस गं पोरी? लईच उजळलीस!" मग त्यांनी डबी घेतली, त्यांच्या सुनेने घेतली. गल्लीभर आपली जाहिरात मी फुकटात केली.

सोन्याविषयीची आपली कळकळही मनाला भिडली. "लावताना कानातलं काढून ठेव, सोन्याला लागलं की खराब होतं," असं ताईंनी बजावलं होतं. सोन्याची एवढी काळजी, महाराज! गाल फुकटचे, ते कुठे सराफाकडे मोडायचेत? पुढे कळलं की सोन्याचांदीला लावू नका असं सांगणारी क्रीम पाऱ्याची असल्याचा संशय घ्यावा. पारा सोन्याला बघता बघता चिकटतो.

चैत्रातलं बीडचं ऊन आपण पाहिलं नसेल. आपल्या कृपेने ते मला नव्याने कळलं. बसस्टँडपासून घरापर्यंत चालत आले की तोंड भाजल्यासारखं लाल. गालावर बारीक शिरांची जाळी उमटली, वर मऊ लव, हनुवटीवर पुटकुळ्या. डबी एक रात्र चुकवली की आग. एवढी निष्ठा तर नवरासुद्धा मागत नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डबी उलटीपालटी केली, बुडाशी पाहिलं, झाकणाच्या आत पाहिलं आणि मलाच विचारलं, "यात काय आहे?" मी तेच विचारायला आले होते. चेहरा पाहून म्हणाल्या, स्टिरॉइड असणार. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही खरं तर औषधं आहेत, ठरावीक दुखण्याला, ठरावीक दिवस लावायची. चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं केंद्र सरकारने २०१८ मध्येच ठरवलं. आपण चिठ्ठीची कटकट मिटवलीत आणि दुकानाचीही.

त्यांनी लघवीही तपासायला लावली. चेहऱ्याच्या दुखण्याला लघवी कशाला, असं माझ्या आईच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा आपल्या अकोल्याच्या भाऊबंदांची कीर्ती कानावर आली. तिथली जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही किडन्यांना सूज. तिघीही स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएममध्ये ती तपासली तेव्हा पारा सापडला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याची क्रीम लावणारे होते. चेहऱ्याला लावायचं आणि किडनीपर्यंत पोचवायचं, एवढी घरपोच सेवा कुरिअरवालेही देत नाहीत!

पाऱ्याचं काम मात्र चोख. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवायला एक विकर लागतं, त्यालाच तो अडवतो. म्हणून उजळ. थांबवलं की रंग व्याजासकट परत. शिवाय पारा टॉवेलला, उशीला लागतो, त्याची वाफ होते, म्हणजे घरातल्या लेकराबाळांनाही प्रसाद. आपल्या देशात नियमाने दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा क्रीममध्ये चालत नाही, तोही चुकून आलेला. पाऱ्याची प्रसाधनं २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायची, हे मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं; भारतही त्यात आहे. आपणापर्यंत पत्र पोचलं नसावं. पत्त्याचीच अडचण.

माझी लघवी स्वच्छ निघाली. आपण नाराज होऊ नये.

आपल्या शहरी थोरल्या भावाने १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' या नावाने आमच्या आया-मावश्यांना आरसा दाखवला. २०२० मध्ये त्याने 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. निदान बारसं तरी दुसऱ्यांदा केलं. आपलं पहिलंच व्हायचंय.

चेहरा निवायला कैक महिने गेले. आता मेडिकलमधून बिल घेऊन साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन आणते, उन्हात स्कार्फ बांधते. नवं काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघते. लिंबूसुद्धा चोळत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी पोळते आणि डाग पडतात, हे घरगुती उपायवाल्या काकू कधी सांगत नाहीत. घटक वाचायला लागल्यापासून खरेदीला इतका वेळ लागतो की दुकानदार मला येताना बघून आत जातो. हा वाचनाचा छंद आपण लावलात.

रंग विचाराल तर गव्हाळच आहे. आपल्या कृपेने बायोडेटातला तो रकानाच मी खोडून टाकला. मामा अजून बोलत नाहीत.

एकच विनवणी. मावशींची सून आता पोटुशी आहे आणि डबी सोडायला तयार नाही. आत काय घालता, तेवढं तिला तरी कळवावं.

कळावे, लोभ असावा. नसला तरी चालेल.

आपली (गव्हाळ) कृपाभिलाषी

ता. क. परवा पार्लरच्या काचेत आपली नवी डबी दिसली. अखेर लेबल आलं, अभिनंदन! त्यावर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' आणि एक हिरवं पान छापलंय. नाव-पत्ता अजून नाही, पण पान कशाचं तेवढं तरी लिहावं. आमच्याकडे रुईचं पानही हिरवंच असतं.