जुनेर

गरोदरपणाचे पहिले तीन महिने चोरीचे आणि शेवटचे तीन धावपळीचे. पहिल्यांत कुणाला सांगायचं नसतं, शेवटल्यांत कुणाशी बोलायला सवड नसते. मधले तीन मात्र साऱ्या घराचे. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, पाय अजून सुजायचे असतात, तोंडाला चव परतलेली असते आणि जिच्या पोटात एवढं मोठं काम चाललेलं असतं ती खिडकीशी बसून लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगा करत असते. तिनं मुद्दाम करावं असं काही उरलेलंच नसतं, सगळं आतल्या आत आपापलं होत असतं. हे रिकामपण बाकीच्यांना सोसत नाही. आमची लेक पाचवा लागल्यावर पुण्याहून साताऱ्याला आली आणि माझी आई, माझी बायको आणि पेन्शनीत निघालेला मी, अशा तिघांना एकदम दिवस गेल्यासारखं झालं.

तिच्या मोबाईलवर दर आठवड्याला बाळाचं माप येतं आणि ते फळांत येतं. लिंबापर्यंत आईची काही तक्रार नव्हती. पुढे ॲव्होकाडो आला. हे फळ तिनं जन्मात पाहिलेलं नाही, पणतवंडाची पहिली ओळख परक्या फळावरून व्हावी हे तिला रुचलं नाही, म्हणून ‘पेरू धरून चालू’ असं ठरलं. विसाव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण 25 सेंटिमीटर आणि वजनाला 300 ग्रॅमच्या आसपास असतं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं मनातल्या मनात तराजू धरला आणि ‘पावशेराच्या वर आहे’ अशा समाधानानं मान हलवली. आणि मग एका सकाळी मोबाईलवर पपई उगवली. घरात क्षणभर कुणी बोललं नाही. पिकल्या पपईचं एवढं काही नसतं, डॉक्टर नको म्हणतात ते कच्च्या पपईच्या चिकाला, असं लेकीनं सांगून पाहिलं. ‘ते असू दे,’ आई म्हणाली, ‘पण त्या मोबाईलला कुणी थोरलं माणूस नाही का?’

पहिल्यांदा बाळ हललं तेव्हाही असंच. लेक म्हणाली, पोटात बुडबुडे फुटल्यासारखं होतंय. हिनं लगोलग ओवा आणि काळं मीठ तिच्या तळहातावर ठेवलं. पहिलटकरणीला बाळाची हालचाल कळू लागते ती साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमाराला आणि सुरुवातीला इतकी पुसट, की वात कोणता आणि वंश कोणता हे तिचं तिलाही सांगता येत नाही. आमच्या पुढच्या पिढीनं पहिल्यांदा आतून दार वाजवलं तेव्हा तिचं स्वागत ओव्यानं झालं. गोळ्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नाही, कारण कॅल्शियम बरोबर असलं की लोह अंगी लागत नाही. लोहाच्या आगेमागे चहासुद्धा नाही. ‘जावाजावा दिसतात,’ आई म्हणाली, ‘वेगळ्या चुली मांडून द्या.’ तेव्हापासून कॅल्शियम न्याहारीनंतर आणि लोह रात्री, असा सुखाचा संसार चालू आहे. फक्त चारचा चहा लेकीसमोर प्यायचा नाही, असा ठराव झाल्यामुळे मी तो जिन्यात पितो.

डोहाळे म्हणजे चिंचा-कैऱ्या, ही समजूत सिनेमांनी करून दिली. लेकीला काही आंबट हवं झालं नाही. पहिल्या पावसाचा वास आला की ती मीटिंग सोडून खिडकीला नाक लावून उभी राहते, एवढंच. हे पाहून आईला कंठ फुटला. माझ्या वेळी म्हणे ती चुलीतली भाजकी माती खायची, सासूची नजर चुकवून, पदराच्या टोकात बांधून. मला हे आजवर ठाऊक नव्हतं. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीही माती खाते, आणि कवीनं त्याचं कारण मोठं राजेशाही दिलं आहे: होणारा पुत्र पुढे अवघी पृथ्वी भोगणार, म्हणून आईला बाकीचे रस सोडून आधी मातीचीच गोडी लागली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, रक्तात लोह कमी असलं की माती, खडू, पेन्सिल असलं काही खावंसं वाटू शकतं. मला दोन्ही कारणं पटतात. रघूनं दिग्विजय केला, मी जिल्हा परिषदेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. मातीमातीत फरक असणार.

संस्कारांचं खातं हिच्याकडे. संध्याकाळी रामरक्षा होते, पोटाच्या दिशेनं तोंड करून. बाळ बाहेरच्या आवाजाला दाद देऊ लागतं ते साधारण 25व्या आठवड्याच्या सुमाराला, आणि तिथेही सगळ्यात स्पष्ट पोचतो तो आईचाच आवाज. तिच्या काळजाचे ठोके, आतड्यांची गुरगुर आणि तिचं बोलणं, ही तिथली आकाशवाणी. अभिमन्यूची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. सुभद्रेला डुलकी लागली आणि चक्रव्यूहातून बाहेर पडायचं तेवढं राहून गेलं, असा ठपका तिच्यावर आहे. सांगणाऱ्याला मात्र कुणी दोष देत नाही. गर्भार बाईला भरल्या पोटी व्यूहरचना समजावत बसलं तर दुसरं काय होणार? आमचं नातवंड सध्या दिवसाचे आठ तास त्याच्या आईचं बोलणं ऐकतंय, ‘आवाज येतोय का माझा?’ इथपासून ‘पुढच्या कॉलला बोलू’ इथपर्यंत. मीटिंगमध्ये शिरायचं कसं हे त्याला जन्मतःच येईल. बाहेर पडायचं कसं, हे अजून तिलाही आलेलं नाही.

मधल्या महिन्यांतली मोठी सोनोग्राफी झाली तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. आत डॉक्टरांनी हृदयाचे चार कप्पे पाहिले, पाठीचा कणा पाहिला, ओठ पाहिला, हातापायांची हाडं मापली. बाहेर माझ्यासमोर पाटी होती: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रानं असा कायदा 1988 मध्ये केला, देशात सगळ्यांच्या आधी, आणि 1994 मध्ये तो देशभरासाठी झाला. तो का करावा लागला हे आठवलं की त्या पाटीपुढे नीट बसावंसं वाटतं. आणि इकडे डोहाळजेवणाच्या दिवशी, हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण अशा थाटात झोपाळ्यावर बसलेल्या बाईपुढे दोन झाकल्या वाट्या येतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. लाखोंच्या यंत्राच्या तोंडाला कुलूप, वाट्या मोकाट. लेकीचं डोहाळजेवण सातव्यात सासरी आहे आणि ‘मी दोन्ही वाट्या उघडणार, मला दोन्ही आवडतं’ असं तिनं आधीच कळवलेलं आहे.

पण घर खरं कामाला लागलं ते जुनेरापायी. बाळासाठी नवं काही आधी आणून ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिच्या तळाशी भीती आहे. पूर्वी पोटातलं हाताला लागेलच याची खात्री नसायची. आता ती भीती कुणी बोलून दाखवत नाही, नुसती रीत पाळतात. पाळणा नातलगांत फिरून यायचा, कुंची आत्याकडची, पहिलं झबलं दुसऱ्या कुठल्या तरी धडधाकट पोराच्या अंगावरून उतरलेलं. दुपटी आणि बाळोती तर जुन्याचीच. नवं कापड खळीचं, अकडू. वर्षानुवर्षं अंगावर वागवून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून सुताचा ताठा गेला की मग कुठे ते नव्या कातडीला लावण्याच्या लायकीचं होतं. हा मऊपणा दुकानात मिळत नाही. तो कुणीतरी आयुष्यभर नेसून करावा लागतो.

आणि तोच आता घराघरांतून संपत आलाय. सुती नऊवारी, सव्वाआठ मीटरचं विरलेलं लुगडं, शोधायला निघालो तर नातलगांकडे निघाल्या त्या सिंथेटिक साड्या. त्या विरत नाहीत, विटत नाहीत. चिरतारुण्याचा शाप मिळालेल्या अप्सरांसारख्या नुसत्या घड्या घालून बसलेल्या. आमच्या घरातली लुगडी एकेक करून बोहारणीकडे गेली. त्यांतल्या दोन जांभळ्या इरकलींच्या बदली घेतलेला स्टीलचा डबा अजून आहे, त्यात रवा असतो. ही हल्ली रवा काढताना डब्याकडे जरा रागानं बघते. शेवटी आईच्या ट्रंकेतून एक पातळ निघालं, ठिपक्यांचं, धुऊन धुऊन ठिपके पुसत आलेलं. तिनं काठ फाडून बाजूला काढले, कारण काठ टोचतात. घड्या एकावर एक बसवल्या, तळहातानं निपटल्या आणि कडेनं धावदोरा घालत आत आत यायला सुरुवात केली. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये दाबायची, वर येऊ द्यायची नाही. तिला आता सुई ओवता येत नाही, म्हणून सकाळच्या उन्हात दहाबारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या हे काम माझं. ह्या घरच्या गर्भारपणात मला अधिकृतपणे मिळालेलं हे एकमेव पद.

पातळ पुरलं नाही. मग हिची नजर माझ्यावर पडली. माझा खादीचा एक सदरा आहे, कॉलर गेलेली, कोपरं पारदर्शक. इतकी वर्षं ‘पुसायला घ्या तो’ म्हणणाऱ्या हिनं त्याची बाही चिमटीत धरून गालाला लावली आणि म्हणाली, ‘काय मऊ झालाय हो!’ माझ्या वयात झिजल्याबद्दल असं कौतुक क्वचितच वाट्याला येतं. मी सदरा तिथल्या तिथे उतरवून दिला.

परवा विहीणबाई आल्या त्याही गाठोडं घेऊनच. आत त्यांच्या कैलासवासी सासऱ्यांची धोतरं, सायीसारखी झालेली. एकाच्या कोपऱ्यात धोब्यानं बिब्ब्यानं घातलेली खूण होती, दोन रेघा आणि एक टिंब. कापड विरलं तरी ती होती तशी काळीभोर. विहीणबाई संकोचल्या, ‘अहो, किती धुतलं तरी जाईना.’ हिनं तेवढा कोपरा कापायला कात्री उघडली, तर आईनं तिचा हात धरला.

‘राहू दे ती,’ आई म्हणाली. ‘दवाखान्यात अदलाबदल व्हायला नको.’