जाम बोल्टची मनधरणी

समुद्रकाठच्या गाड्या इंजिनाने म्हाताऱ्या होत नाहीत, खालून होतात. वर रंग चकचकीत, आणि जॅकवर घेऊन पाहावं तर लोअर आर्मला गंजाच्या खपल्या. रत्नागिरी-मालवणकडच्या मिस्त्रीला त्यात नवीन काही नाही. गाडी खड्ड्यात खडखडते म्हणून आर्मचे बुश बदलायचे. काम तसं थोडक्यात उरकणारं, बुशमधला लांब बोल्ट निघाला तर.

तो निघत नाही.

नट बिचारा सुटतो. खरं दुखणं आत असतं. रबरी बुशच्या पोटात लोखंडी नळी असते, तिच्यातून बोल्ट आरपार जातो. मधल्या फटीत खारं पाणी शिरतं आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते; ती त्या फटीत कुठून मिळणार? बोल्ट आणि नळी एकजीव होतात. पान्याला पाईप लावून जोर केला की बोल्टचं डोकं चक्क फिरतं. हाताखालचा पोरगा खूश! हात सैल पडला की रबर पीळ सोडतं आणि डोकं मुकाट्याने मूळ जागी येऊन बसतं. सामायिक जमिनीच्या कागदावर सही करायला दर वेळी ‘हो हो’ म्हणणारे काका मला इथेच आठवतात.

नवखा इथे चिडतो आणि बारा कोनी गोटीने डोकंच गोल करून ठेवतो. मुरलेला मिस्त्री सहा कोनी गोटी शोधतो आणि बोल्ट आधी थोडा आवळतो. सोडवायचा तो आवळताना पाहून मालकाच्या पोटात गोळा येतो. पण गंजाची पकड तुटायची तर ती कोणत्याही बाजूने तुटली तरी चालते. मग डब्ल्यूडी-४०. हे मिश्रण १९५३ साली अमेरिकेत तयार झालं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. चाळिसाव्या खेपेला जमलं, म्हणून नावात चाळीस. असलं तेल मुरायला रात्र द्यावी. पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना रात्र कुठून आणणार? दहा मिनिटांत शिव्या सुरू होतात. शिव्यांनी बोल्ट निघत नाही म्हणतात. माझं मत अजून ठरलेलं नाही.

मग गॅसची ज्योत. ब्रेकचा पाईप सांभाळत तापवायचं. रबर पेटतं, काळा धूर निघतो, शेजारचा चहावाला दुधावर झाकण ठेवतो. तरीही हलला नाही, तर ग्राइंडरने दोन्हीकडून कापायचा. आर्म सुटून बाहेर येतो. बोल्टचा मधला तुकडा मात्र नळीतच.

मग नवा बुश, नवा बोल्ट. जुन्या बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा १०.९ असेल तर नव्यावरही तोच हवा, नुसता जाडीला जुळणारा बोल्ट नको. मिस्त्री बोल्टच्या दांड्याला बोटाने ग्रीस चोपडतो.

“पुढच्या वेळी मलाच खोलायचाय ना, काका.”

“मग मागच्या वेळी कुणी बसवला होता?”

मिस्त्री पोराला गाडी खाली घ्यायला सांगतो. चाकांवर भार आल्याशिवाय हा बोल्ट शेवटचा आवळायचा नसतो, नाहीतर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं.

“बसा काका आत,” तो म्हणतो, “जरा वजन पडू दे.”