करकर वाजेपर्यंत

घरातलं एखादं यंत्र माझ्या हातून सुधारल्याची नोंद नाही. मिक्सर मी ‘बघितला’ तेव्हापासून आई चटणी पाट्यावर वाटते. तरीही पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी इलेक्ट्रोस्प्रेची पद्धत सुधारायचं मनावर घेतलं.

इलेक्ट्रोस्प्रे म्हणजे विजेवर चालणारा फवारा. केसाएवढं भोक असलेल्या सुईतून द्रावण सोडायचं आणि तीन-चार हजार व्होल्ट द्यायचे. टोकाशी इवलासा शंकू होतो, त्यातून बारीक थेंब उडतात. थेंब वाळेल तशी आतल्या विद्युतभारांची चेंगराचेंगरी वाढते आणि तो फुटतो. थेंब किती भार पेलू शकतो, ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ सालीच गणिताने काढली होती. उरतो तो भारित रेणू, आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्याला तोलतो. याच तंत्राने अवाढव्य प्रथिनं न मोडता तोलून दाखवली म्हणून जॉन फेन यांना २००२ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, नोबेल मिळालं. रेणूंच्या हत्तींना पंख, अशा अर्थाचं शीर्षक त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाला दिलं होतं.

मला तोलायचं होतं ते पेप्टाइड हत्ती नव्हतं, मुंगी होतं. तेही उडेना. पडद्यावर नुसतं खुरट्या रेघांचं गवत.

सुधारणा पहिली: फॉस्फेट बफर. प्रथिनांना तो मानवतो, हे माझं पाठ होतं. फॉस्फेट उडून जात नाही, हे पाठ नव्हतं. दुपारपर्यंत सुईच्या तोंडाशी मिठागर तयार झालं. चुकूनमाकून जे रेणू आत पोचले, तेही सोडियम काखोटीला मारून, वजनात २२ने जास्त. “जे उडतं तेच घाल रे,” माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. “अमोनियम ॲसिटेट कपाटातच आहे.”

सुधारणा दुसरी: व्होल्टेज. ऋण मोडमध्ये मी ते चढवत नेलं, तर सुईच्या टोकाशी सुंदर निळसर उजेड दिसू लागला. मी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला कौतुकाने बोलावलं. तो म्हणाला, “हा फवारा नाही, कोरोना डिस्चार्ज आहे. तू हवेत वीज सोडतोयस.” पडद्यावरचं गवतसुद्धा गेलं होतं.

सुधारणा तिसरी: स्वच्छता. यात मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भांडं करकर वाजेपर्यंत घासायचं, हा आमच्या घरचा नियम. द्रावणाच्या सगळ्या काचेच्या बाटल्या मी साबण आणि ब्रश घेऊन घासल्या. करकर वाजल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर शिखरांची देखणी शिडी उभी, प्रत्येक पायरीत बरोबर ४४चं अंतर. प्रिंट घेऊन मी जवळजवळ पळतच मॅडमकडे गेलो. त्यांनी कागदाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा.

“बाटल्या कुणी घासल्या?”

४४ हे इथिलीन ऑक्साइडच्या एका कडीचं वजन. साबणातल्या साखळ्या अशाच कड्यांच्या असतात. ती शिडी यंत्रातून उतरवायला आठवडा गेला.

त्या धसक्याने मी काच सोडून द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. तेव्हा ३९१वर एक उंच, एकाकी शिखर आलं. हा रेणू कुणी पाहिला नसणार, अशी माझी खात्री झाली. मनातल्या मनात त्याला गावाचं नावही ठेवलं. पाहिला होता. या यंत्रावर बसणाऱ्या बहुतेक प्रत्येकाने पाहिला होता. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात तो थॅलेट होता.

तेव्हा उजेड पडला. यंत्र पहिल्या दिवसापासून चोख काम करत होतं. मी जे जे घातलं, ते ते त्याने शोधून दाखवलं: माझं मीठ, माझा साबण, माझी बाटली. सापडत नव्हतं ते फक्त पेप्टाइड, कारण तेवढ्यासाठी मी जागाच ठेवली नव्हती.

मग काढून घेणं सुरू केलं. पाणी, मिथेनॉल आणि ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड, बस्स. व्होल्टेज खाली आणलं, सुई थोडी बाजूला सरकवली, काचेची बाटली नुसत्या शुद्ध द्रावकाने विसळली. पेप्टाइड पहिल्याच फेरीत आलं.

त्या बाटलीवर आता माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘घासू नये’. आईला अजून सांगितलेलं नाही.