कूलर, करंट आणि धाकटा : वऱ्हाडी घरांसाठी प्राथमिक धडे

साहित्य : पत्र्याचा एक कूलर, ओली फरशी, रबरी चपलांचा एक जोड आणि घरातलं, नाही म्हणायची सोय नसलेलं एक माणूस. अकोला-अमरावतीत ही सामग्री एप्रिल लागला की आपोआप जमते.

वायरिंगमधला दोष शोधायची आपली रूढ पद्धत सोपी आहे. पारा ४४-४५ वर टेकला, की टाकीत पाणी भरायला धाकट्याला पाठवावं. तो "करंट मारते!" म्हणून ओरडला, की दोष सापडला. दुरुस्तीही लगेच होते : "चप्पल घालून भर ना बाप्पा!" पाहुणे आले, तर त्यांना पाण्याआधी सांगावं, कूलरला हात लावू नका.

एवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही, त्यांनी प्लग काढून बघावा. वरची जाड पिन शाबूत आहे का? 'बोर्डात बसत नव्हती' म्हणून ती बहुधा मोडलेली असते. कूलरच्या पत्र्याला जमिनीशी जोडणारी तेवढी एकच पिन. तिकडे टाकीत पंपाच्या वायरीचा जोड काळ्या टेपात गुंडाळून पाण्यात सोडलेला. करंट पाण्यातून पत्र्यावर येतो आणि खाली उतरायला रस्ता नाही म्हणून धाकट्यासाठी थांबतो.

आता टेस्टर. तो पत्र्याला टेकवल्यावर पेटला, तर आर्थिंग गेलं म्हणा. नाही पेटला, तर हुरळू नका. आधी चालू सॉकेटच्या उजव्या भोकात घालून टेस्टर तरी जिवंत आहे का बघा.

"आमच्याकडे एमसीबी आहे," हे वाक्य या टप्प्यावर हमखास ऐकू येतं. थोडा हिशेब करू. आर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम धरला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याला ढिम्म हलत नाही. माणूस दगावायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो.

आणि खड्डा २० ओहमवर तरी कुठे टिकतो? काळी माती मे महिन्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, कोरडी पडते. म्हणजे कूलर सगळ्यात ओला असतो तेव्हाच खड्डा सगळ्यात कोरडा असतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक म्हणतील, आमच्या जमिनीत मीठ फुकटचंच आहे. खरं आहे, ओल असेपर्यंत ती माती करंट छान वाहून नेते आणि त्याच मिठाने लोखंडी पाइपही खाते. घर बांधताना पुरलेला पाइप आज आहे की नुसतं त्याचं भोक उरलंय, हे खणल्याशिवाय कळायचं नाही. कूलरचं सांडपाणी नळीने खड्ड्यात सोडायला पैसे पडत नाहीत. म्हणूनच बहुधा कोणी सोडत नाही.

खरा इलाज ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारं यंत्र. त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्याला एकदा दाबावं. तो पडला, तर यंत्र ठीक. आर्थिंग आहे की नाही, हे त्या बटणाने कळत नाही, कारण आर्थिंग नसलेल्या घरातही तो तितक्याच तत्परतेने पडतो.

शेवटचा दोष हुशार माणसाने केलेला असतो. खड्डा खणायचा कंटाळा, म्हणून वायरमन सॉकेटच्या मागे अर्थची पिन न्यूट्रललाच बांधून देतो. टेस्ट लॅम्प लख्ख पेटतो, मालक खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटला, की त्या सॉकेटवरच्या चालू फ्रिजचा पत्रा २३० व्होल्टवर जातो. जुन्या खड्ड्याची वायरही त्या पिनला जोडलेली राहिली असेल, तर ही लबाडी आरसीसीबीच्या नजरेतून सुटत नाही. जरा लोड वाढला, की तो पडतो. पुन्हा चढवला, पुन्हा पडतो. मग त्याच वायरमनला बोलावतात. तो म्हणतो, "हे यंत्रच खराब हाय, भाऊ," आणि दोन मिनिटांत ते बायपास करून देतो. त्यानंतर लाइट एकदाही जात नाही.